पहाऱ्यावर बसलेलं शरीर

ठाण्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नाव देऊ नका म्हणाल्या आहेत, म्हणून देत नाही. पत्रातला मजकूर थोडक्यात असा :

'माझं वय ४७. राहते ठाण्यात आणि वाशीला एका बँकेत नोकरी करते. घरी नवरा, बारावीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला. आता काठी घेऊन थोडं चालतात. फेब्रुवारीत एकदा रात्री तीनला बाथरूमला जाताना पडल्या, नशिबानं हाड मोडलं नाही. मुलाचा क्लास, बँकेतलं टार्गेट, घरचं सगळं सांभाळते. पण गेले काही महिने छातीत मधूनच धडधडतं, जबडा दुखतो, खांदे दगड झालेत. ईसीजी, रक्तदाब, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल आलं. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका, फारच वाटलं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मग मोबाइलवर ध्यानाचं अ‍ॅप घेतलं, वर्षाचे पैसे भरले. रात्री तीनला टक्क जाग येते ती येतेच, म्हणून पाचला उठून वीस मिनिटं डोळे मिटून बसते. पण श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घुसमटतं, उठून पळावंसं वाटतं. साधं शांत बसणंही जमत नाही याची लाज वाटते. नवरा म्हणतो, दहा दिवस इगतपुरीला विपश्यनेला जाऊन ये, एकदाच काय ते होऊन जाईल. बहीण म्हणते, गोळी सुरू कर. गोळी घेतली तर मी हरले असं वाटेल. काय करू?'

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा धडधड, जबडा, अ‍ॅप, गोळी एवढंच दिसलं. दुसऱ्यांदा वाचताना, पत्रात बऱ्याच अंतरानं आलेली दोन वाक्यं माझ्या डोळ्यांपुढे एकाशेजारी एक येऊन बसली. सासूबाई रात्री तीनला पडल्या. तुम्हाला रात्री तीनला जाग येते.

तुम्ही याला बिघाड समजताय. मला तो पहारा वाटतो. त्या रात्री बहुतेक तुम्हीच आवाज ऐकून धावलात, त्यांना उठवलंत, हाड शाबूत आहे का पाहिलंत. तुमच्या शरीरानं त्या रात्री एक काम अंगावर घेतलं आणि ते अजून कुणी त्याच्याकडून काढून घेतलेलं नाही. ते बिचारं इमानदारीनं रोज वेळेवर हजर होतंय.

मला हे इतकं ओळखीचं वाटलं त्याला कारण आहे. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात वर्षभर मी एकाच कुशीवर झोपले, दाराकडे कान करून. त्यांच्या उशाशी तांब्या-भांडं असायचं. रात्री पाणी पिऊन झालं की ते भांडं तांब्यावर उपडं घालायचे, त्याचा 'टण्' असा आवाज यायचा. तो आला की मी पुन्हा डोळा लावायची. ते गेल्यावरही कित्येक महिने त्या आवाजाची वाट पाहत मला जाग यायची. वडील नाहीत हे मनाला कळलं होतं. कानाला कळायला वेळ लागला.

म्हणून 'टेन्शन घेऊ नका' या सल्ल्याचा तुम्हाला काही उपयोग झाला नाही, यात नवल नाही. हृदयाचे ठोके, पचन, घाम ही कामं आपल्याला विचारून चालत नाहीत. त्यांचा कारभार स्वायत्त मज्जासंस्था पाहते. तिची एक शाखा धोका दिसला की अंगात बळ आणते : ठोके वाढतात, स्नायू ताठतात, पचन मागे पडतं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं १९१५ साली हे नीट मांडलं, लढा किंवा पळा म्हणतात ते हेच. दुसरी शाखा विसाव्याची. तिची मुख्य नस व्हेगस. ती मेंदूच्या बुडापासून निघून घसा, हृदय, फुफ्फुसं आणि पोटापर्यंत जाते. तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी, की या नसेतले बहुतेक तंतू शरीराकडून मेंदूकडे निरोप नेणारे आहेत. 'शांत हो' असा हुकूम वरून सोडून फारसं काही होत नाही. खालून वर निरोप जायला हवा, की सगळं ठीक आहे, पडलेलं कुणी नाही.

आता तुमच्या पहाटेच्या ध्यानाकडे या प्रकाशात बघा. पहाऱ्यावर बसलेल्या माणसाला आपण म्हणतोय, डोळे मीट आणि वीस मिनिटं हलू नकोस. तो घाबरणारच. शांत बसायला गेल्यावर काहींची अस्वस्थता वाढते, हा मानसोपचारात नोंदलेला आणि माहीत असलेला प्रकार आहे. तुमच्या जिद्दीत काही कमी नाही, तेव्हा ती लाज मनातून काढून टाका. आणि पाचचा गजर आजच बंद करा. तीनला जाग आलेल्या बाईनं पाचला उठून ध्यान करायचं, म्हणजे उरलीसुरली झोपही त्याला वाहायची. सहाला उठा, पण रोज सहालाच, रविवारीसुद्धा.

मग करायचं काय? डोळे उघडे ठेवून, चालत्या दिवसात, दोन-दोन मिनिटांचं काहीतरी. तुमच्याकडे त्यासाठी उत्तम जागा आहे आणि ती म्हणजे ठाणे-वाशी लोकल.

गाडी ठाणं सोडून खाडी ओलांडते ना, तिथून सुरुवात करा. मोबाइल पर्समध्ये ठेवा आणि बाहेर बघा. पाणी, तिवरं, एखादा बगळा, पलीकडची डोंगराची रेघ. नजर आधी सगळ्यात लांबच्या गोष्टीवर, मग हळूहळू जवळच्या. मान सावकाश वळवून डब्यातही बघा. श्वासाचं काहीच करायचं नाही. शरीर आजूबाजूचा अंदाज घेतंय, एवढंच होऊ द्यायचं. श्वासाकडे लक्ष दिल्यावर घुसमटणाऱ्या माणसानं सुरुवात डोळ्यांपासूनच करावी असं माझं मत आहे. आठवडाभर फक्त एवढंच केलंत तरी चालेल. खिडकी मिळाली नाही आणि गर्दीत उभं राहावं लागलं, तर तळपाय बुटात कुठे कुठे टेकतायत ते चाचपा. कडी धरलेल्या हाताची पकड गरजेपुरती ठेवून बाकी सोडा. आपण बऱ्याचदा कडी अशी धरतो जणू गाडी आपणच ओढतोय.

दुसऱ्या आठवड्यात ऐरोली ते रबाळे एवढ्यापुरता श्वास घ्या हातात. आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडतो तेव्हा कमी होते. मनगटावर बोट ठेवून स्वतःच पाहा, अनेकांना हा फरक जाणवतो. म्हणून सोडलेला श्वास लांबवला की विसाव्याच्या शाखेला जोर मिळतो. चार अंक मोजत घ्या, सहा अंक मोजत सोडा. मोजण्याचाच ताण येत असेल तर अंक विसरा. बशीतला गरम चहा फुंकतो तसे ओठ करून हवा हळूहळू जाऊ द्या आणि आत येणारा श्वास त्याचा तो येऊ द्या. चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या तर तुम्ही फार जास्त हवा ओढताय. थांबा आणि परत खिडकीबाहेर बघा.

छातीत धडधड सुरू झालीच तर उसासा टाका. खरंच. नाकानं श्वास घ्या, तो भरत आला की वर आणखी एक छोटा श्वास घ्या आणि मग तोंडानं लांब सोडा. दोन-तीनदा. आपल्या घरांत तिन्हीसांजेला उसासा टाकला की आजी ओरडायची. पण स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे : रोज फक्त पाच मिनिटं आणि महिनाभर असे उसासे टाकणाऱ्यांची मनःस्थिती तेवढाच वेळ ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. दिवसाला पाच मिनिटं, हे लक्षात ठेवा. वर्षाचे पैसे भरलेत म्हणून अ‍ॅपची वीस मिनिटं वसूल करायची गरज नाही.

जबड्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या पत्रातली ती तक्रार बऱ्याच वाचकांची असणार. हे वाचताना क्षणभर थांबा आणि बघा, तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का? खाणं-गिळणं सोडलं तर एरवी ते टेकायचं कारण नसतं. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल, ही जबड्याची विश्रांती. आपण मात्र हिशेब जुळत नसला, समोरचा ग्राहक आवाज चढवत असला, घरी कुणाला उलट बोलायचं गिळत असलो, की दात आवळतो. ते आवळलेलेच राहून जातात, दुसऱ्या दिवशीपर्यंत. 'आता सोड' म्हणून जबडा सुटत नाही. एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी यावर जी पद्धत बसवली ती १९२९ साली पुस्तकरूपानं आली आणि आजही जगभर शिकवतात : आधी स्नायू मुद्दाम आवळायचा, मग सोडायचा, म्हणजे सैल असणं म्हणजे काय ते शरीराला पुन्हा कळतं. जबडा दुखतोय तोवर तो आवळू नका. त्याऐवजी काउंटरखाली दोन्ही मुठी घट्ट वळा, पाच अंक धरा, सोडा आणि सोडल्यावर हात जड होतात ते पंधरा-एक सेकंद अनुभवा. मग खांदे कानांपर्यंत वर, आणि धप्पकन खाली. बऱ्याचदा खांद्यांपाठोपाठ जबडाही सुटतो. समोरच्याला कळतसुद्धा नाही. सकाळी उठताना दात दुखत असतील तर मात्र दंतवैद्यांना दाखवा, झोपेत दात खाण्याची सवय असू शकते.

बँकेतला संध्याकाळचा चहा जरा अलीकडे आणा. कॅफिन अंगातून अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. पाचचा कडक चहा रात्री दहाला अर्धा तुमच्यात असतो.

घरी पोचल्यावर सरळ ओट्याशी जाऊ नका. दहा मिनिटं जमिनीवर चटई टाकून पाठीवर पडा, पोटऱ्या सोफ्यावर, हात बाजूला. दार उघडं राहिलं तरी चालेल, डोळे उघडे राहिले तरी चालेल. फक्त घरात जाहीर करा की ही दहा मिनिटं माझी. पहिले चार दिवस कुणीतरी 'भाजी कोणती?' विचारायला येईल. येऊ दे. पडल्या पडल्या उत्तर द्या, पण उठू नका.

आणि दिवेलागणीला सासूबाईंपाशी बसून एखादं पाठांतर म्हणता आलं तर बघा. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता. लॅटिनमधली मेरीची जपमाळ आणि 'ॐ मणि पद्मे'चा मंत्र, दोन्ही म्हणताना माणसांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम दिसला. तुमचं चार-सहाचं मोजणंही मिनिटाला सहाच श्वास होतात, बघा. त्या अभ्यासात मराठी काही नव्हतं, हा जोड माझा. पण मनाच्या श्लोकांची बारा अक्षरी ओळ एका श्वासात सावकाश म्हणून पाहा. ओळ संपते आणि श्वासही संपतो, इतकं ते मापात बसतं. देवाधर्माचं मन नसेल तर शाळेतली पाठ कविता घ्या. सासूबाई एखाद्या शब्दाला अडखळल्या तर थांबायचं, त्यांना तो सापडू द्यायचा. घाई नसलेली दहा मिनिटं तुम्ही दोघींनी शेवटची कधी घालवलीत?

आता विपश्यनेचं. त्या साधनेबद्दल मला आदर आहे आणि पुढे कधीतरी तुम्ही जरूर जा. पण आज नको. दहा दिवस मौन, पहाटे चारपासून दिवस सुरू, बराच काळ मिटल्या डोळ्यांनी बैठक, मोबाइल जमा. घरी काय चाललंय हे कळणार नाही. तुमचा पहारेकरी तिथेही तीनला उठेल आणि त्याला ऐकायला काहीच नसेल. प्रवेशाच्या अर्जात मानसिक त्रास आणि चालू औषधं विचारतात, तेव्हा कधी जाल तेव्हाही तिथे खरं तेच लिहा. 'एकदाच काय ते होऊन जाईल' हे तर मला मुळीच पटत नाही. महिनोन् महिन्यांची सवय दहा दिवसांत उतरवायची, हाही एक ताणच आहे. माणसाकडून शिकायचं असेल तर ठाण्यात घंटाळी मित्र मंडळ आहे, अंबिका योग कुटीर आहे, अशा जुन्या वर्गांत जाऊन शवासन नीट शिका. आणि हे सगळं नवं खूळ आहे असं घरी कुणी म्हणालं तर सांगा, लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि आसन-प्राणायामानं शरीरात काय होतं ते उपकरणं लावून मोजायला घेतलं. शंभर वर्षं झाली त्याला.

गोळीबद्दल तुमच्या मनातला 'हरले' हा शब्द मला टोचला. सासूबाई रोज रक्तदाबाची गोळी घेत असतील, त्यांना तुम्ही हरलेल्या म्हणता का? सहा-आठ आठवडे हे साधे उपाय करून झोप आणि धडधड जागच्या जागीच असेल, कामावर जाणं नको वाटू लागलं, कशातच रस उरला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगणंच नको असं क्षणभर जरी मनात आलं तर एक दिवसही थांबू नका. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था १९९० पासून आहे, शासनाच्या मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण तपासणी होते, आणि टेलिमानस या शासनाच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट, मराठीतूनही बोलता येतं. औषध सुरू झालं तरी श्वास, खांदे, खाडी चालूच ठेवा, दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत. सुरू झालेली गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

याच्या आधी एक भेट स्त्रीरोगतज्ज्ञांची घ्या. तुमच्या यादीत ती तपासणी नाही. पाळी जाण्याच्या सुमाराला अनेकींना रात्री दचकून जाग येते, घाम येतो, छातीत धडधडतं. ४७ हे त्याचंच वय, आणि यावर उपचार असतात. जुना ईसीजी चांगला असला तरी जिना चढताना छातीत दाबल्यासारखं झालं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकलं, घेरी आली, तर श्वास मोजत बसायचं नाही. थेट इस्पितळ गाठायचं.

हे सगळं लिहिलं खरं, पण शरीराला नुसता श्वासाचा निरोप पाठवून भागणार नाही. निरोप खराही असावा लागतो. घरात आज रात्री सासूबाई पडल्या तर कोण उठणार? सगळ्यांच्या मनात उत्तर एकच असेल तर तुमचं शरीर तीनला उठतंय ते बरोबरच आहे. म्हणून येत्या रविवारी नवऱ्याला आणि मुलाला समोर बसवा. बाथरूममध्ये पकडायला दांडा, न घसरणारी चटई, पलंग ते बाथरूम रात्रभर मंद दिवा, जमलं तर पलंगाशेजारी कमोडची खुर्ची. आणि सासूबाईंच्या हाताशी बिनतारी घंटीचं बटण, वाजणारी घंटी घरात कुठेही नेऊन ठेवता येते. मग रात्री वाटून घ्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार नवऱ्याच्या, मंगळवार आणि गुरुवार तुमच्या, शनिवार मुलाचा. बारावी असली तरी एक रात्र आजीची पोराला जड नाही. ज्याची रात्र त्याच्या उशाशी घंटी, आणि तुमची नसेल त्या रात्री तुमच्या खोलीचं दार लोटलेलं. नवरा तुम्हाला दहा दिवस इगतपुरीला पाठवायला तयार आहे, म्हणजे घर सांभाळायची त्यांची तयारी आहेच. ते दहा दिवस त्यांना रात्रींच्या हिशेबात द्यायला सांगा.

पहिल्या काही रात्री तुम्हाला तरीही तीनला जाग येईल. घड्याळ बघू नका, मोबाइल हातात घेऊ नका. आधी कान देऊन ऐका, कारण शरीराला तेच हवंय. पंख्याचा आवाज, खाली रस्त्यावरून गेलेली एखादी रिक्षा. घंटी वाजलेली नाही. मग आठवा आज रात्र कुणाची आहे, आणि बशीतला चहा फुंकल्यासारखा एक श्वास सोडा. बराच वेळ झोप आलीच नाही तर उठून खुर्चीत बसा, मंद दिव्यात कपड्यांच्या घड्या घाला, डोळे जड झाले की परत या. बुधवारी जाग आली, तर शेजारी घंटी उशाशी घेऊन झोपलेल्या माणसाचा श्वास ऐका आणि कूस बदला.